मी पोथी झालो त्याची गोष्ट

मित्रांनो, राज्य कसं करावं, गाव कसं चालवावं आणि देवापुढे कसं गावं, हे सारं जाणणारा मी एक जुना ग्रंथ आहे. या पंचक्रोशीत एवढं ज्ञान दुसऱ्या कुणाच्या पोटात नाही. मात्र मला कुणी उघडत नसल्यामुळे राज्य, गाव आणि गाणं आपापल्या मर्जीनं चाललं आहे, आणि खरं सांगायचं तर कुणाचंही काही अडलेलं नाही.

माझं पूर्ण नाव 'मध्ययुगीन चांदा राज्यातील राजपद, ग्रामकारभार व देवालयीन संगीत: एक चिकित्सक अभ्यास'. पुष्कळ वाचक नावातच गळाले. मला लिहिणारे प्राध्यापक एस.टी.नं गावोगाव फिरले, तलावांच्या पाळींवर, म्हणजे मातीच्या बांधांवर, चढले, देवळांच्या ओट्यांवर बसून म्हाताऱ्यांची भजनं ऐकली. 'हा ग्रंथ सामान्य वाचकासही उपयुक्त ठरेल,' असं त्यांनी प्रस्तावनेत लिहिलं. लेखकांना असं वाटतं. छापखान्याच्या मालकाला तसं वाटलं नव्हतं. त्यानं मोजक्याच प्रती काढल्या. पण बांधणी झकास केली. लाल कापड आणि वर सोनेरी अक्षरं.

तिथून मी सिंदेवाहीकडच्या या धानाच्या गावातल्या वाचनालयात आलो. शेजारच्या कादंबऱ्या घरोघर जायच्या आणि वरणाचे डाग, दुमडलेले कोपरे, उशीखालचा वास घेऊन परत यायच्या. माझा एक कोपरा कुणी कधी दुमडला नाही. लोक याला निगा म्हणतात. तपासणीच्या दिवशी तेवढं मला पुढे मांडत. साहेब माझ्याकडे पाहून "वा!" म्हणायचे आणि चहा घ्यायचे.

पुढे वाचनालयाचं छप्पर गळू लागलं आणि वाचनालय बंद झालं. कादंबऱ्या रद्दीत गेल्या. त्यांना शेवटी भज्यांचा तरी सहवास लाभला. मला कुणीतरी मारुतीच्या देवळातल्या कोनाड्यात ठेवलं आणि विसरलं.

तिथे माझं नशीब फळफळलं, किंवा फुटलं, तुम्हीच ठरवा. सप्ताहाच्या समाप्तीला पोथीची मिरवणूक निघते. त्या वर्षी पोथी शेजारच्या गावानं पारायणाला नेली होती आणि ती वेळेवर परत आलीच नाही. इकडे रांगोळ्या घालून झालेल्या, टाळकरी उभे. भजन मंडळाचे प्रमुख दादाजी घामाघूम झाले. त्यांच्या पत्नी रुखमाबाई मात्र शांतपणे कोनाड्यापाशी गेल्या.

"हे का हाय? लाल हाय, जाड हाय, सोन्याचे अक्षर हायेत. पोथी नाई तं का हाय?"

अक्षरं वाचायला त्या घाईत कुणाला सवड नव्हती. मला फडक्यात बांधलं, कुंकू लावलं आणि डोक्यावर घेऊन गावभर फिरवलं. दुसऱ्या दिवशी खरी पोथी परत आली. पण एकदा पुजलेलं खाली कोण उतरवणार? तेव्हापासून पाटावर आम्ही दोन गाठोडी शेजारी शेजारी आहोत. ती दरवर्षी उघडते. मी उघडत नाही. कारण मी कुठल्या देवाची पोथी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ज्या देवाचं नाव माहीत नाही त्याच्याशी उगाच खेळ करू नये, असं गावाचं मत पडलं.

मित्रांनो, एकटेपणा अनेक प्रकारचा असतो. पण रोज सकाळी कुणीतरी येऊन तुमच्या पाया पडावं आणि तुम्ही काय म्हणता ते मात्र कधी विचारू नये, हा प्रकार विशेष आहे. दर शनिवारी दादाजी पेटी काढत, भजन सुरू होई. माझ्या पोटात देवळातल्या गाण्यावर एक अख्खं प्रकरण आणि बाहेर गाणं, मध्ये फक्त एक फडकं. वाटायचं, कुणीतरी ते सोडावं.

ते दादाजींच्या नातीनं सोडलं. दिव्यानी नागपूरला इतिहासात एम.ए. करते. तलाव आणि गावकारभार हा तिच्या प्रबंधाचा विषय. सर म्हणाले होते, एक जुना ग्रंथ पाहिल्याशिवाय हा विषय पुढे जाणार नाही, मिळत नसेल तर विषय बदल. पोरीनं नागपूर पालथं घातलं, चंद्रपूर पालथं घातलं. शेवटी हात हलवत घरी आली, आणि आजीनं तिला देऊळ झाडायला धाडलं. झाडताना फडक्याचा कोपरा सरकला. सोनेरी अक्षरं वाचून तिनं झाडू टाकला आणि पलीकडे बसलेल्या दादाजींना हाक मारली.

"आबाजी, हे पोथी नाई! हेच पुस्तक मी शोधून राह्यली होती!"

"हात नको लावू," दादाजी पेटी पुसत म्हणाले. "पुजलेली हाय ते."

"अजी, यात लगान हाय, तलाव हाय, पंचायत हाय!"

"देवाच्या राज्यात तलाव नसते का?"

"मले एकच प्रकरण पायजे. नाई तं माह्या विषय जाते, आबाजी. सारं वर्ष जाते."

दादाजींनी पेटीचा भाता मिटला. नातीचं वर्ष त्यांनाही वाया घालवायचं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम.

"उघड. पण पोथी अर्ध्यात सोडता येत नाई. आंघोळ करून, पाटावर बसून, मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाचं. मंजूर असंन तं सोड गाठ."

दिव्यानीनं माझ्या जाडीकडे पाहिलं. मीही, आयुष्यात प्रथमच, थोडा ओशाळलो.

मग, मित्रांनो, माझं पारायण झालं! पहिल्या दिवशी सारं गाव आलं. परिच्छेद संपला की टाळकरी "जय हरी!" म्हणत. तळटीपांनाही म्हणत. तलावाचं प्रकरण आलं तेव्हा मासेमारी करणारी मंडळी पुढे सरकून बसली. तलाव बांधणाऱ्याला राजा जमीन देई, हे ऐकून साऱ्या माना सरपंच लहानूभाऊंकडे वळल्या.

"माह्याकडे काऊन पाह्यता? मी राजा होय का?"

"नाई ना," मागून गावातला बिरजू म्हणाला. "राजा असता तं आपल्या तलावाची पाळ फुटली असती का?"

"जय हरी!" टाळकरी म्हणाले.

पण पुढे वंशावळी लागल्या, शिलालेख लागले. माणसं पातळ होत गेली. धानाचा चिखल बोलावत होता, त्यांचा दोष नाही. देवळातल्या गाण्याचं प्रकरण आलं, ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली, तेव्हा समोर दादाजी आणि रुखमाबाई दोघंच होते. चौथ्या ओळीला दादाजी घोरू लागले. तालात घोरत होते, एवढं त्यांच्या बाजूनं सांगतो. दिव्यानीचा घसा बसला होता, तरी तिनं एक ओळ गाळली नाही. संदर्भसूचीही वाचली. सूची संपल्यावर रुखमाबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मले काई समजलं नाई, पण पोरीचा आवाज गोड हाय."

दिव्यानीचा विषय वाचला. तिनं माझ्या पानापानाचे फोटो मोबाईलमध्ये घेतले आणि ती नागपूरला गेली. म्हणजे मी पहिल्यांदा पूर्ण वाचला गेलो, आणि त्याच दिवशी मला पुन्हा उघडायची गरज संपली. जाताना तिनं आज्याला पुन्हा सांगून पाहिलं, हे पुस्तक आहे. दादाजी म्हणाले, "असंन. पण आता तं पारायणही झालं त्याचं." आणि त्यांनी मला नव्या कोऱ्या फडक्यात, पूर्वीपेक्षा घट्ट बांधलं.

तेव्हा मित्रांनो, ग्रंथ वाचा, त्यांना घरी न्या, त्यांच्यावर वरण सांडा, असा मोठा उपदेश करायचं माझ्या मनात होतं. पण तुम्हाला कामं आहेत, जाणतो मी. कधी या बाजूला आलात आणि पाया पडलात, तर एवढंच करा: अगरबत्ती जरा लांब खोचा. मी कागद आहे.