ओढ्यापलीकडचा गुत्ता

आल्डन टारबॉक्स नाहीसा झाला तो शनिवार होता. हरणांच्या शिकारीचा हंगाम चालू होता आणि सकाळपासून बर्फाळ पाऊस रिपरिपत होता. त्याची बायको व्हर्ना चर्चच्या जेवणासाठी बीन्सचं भांडं पोचवायला गेली होती. ती परत आली तेव्हा मागचं दार उघडं होतं आणि आल्डन घरात नव्हता, परसातही नव्हता. गाडीची किल्ली ती कधीपासून स्वतःच्या खिशात ठेवत होती, पण चालत जाणाऱ्याला कसं अडवणार?

मी त्यांचा शेजारी. तिने आधी मलाच फोन केला.

"आर्मंड, आल्डन आलाय का तुझ्याकडे?"

"नाही. का गं?"

"त्याचं यंत्र खुंटीवर नाहीये. आणि कोट इथेच आहे."

मी बूट चढवले आणि निघालो.

यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. हे दोघं नवराबायको आयुष्यभर सुट्टीच्या दिवशी तेच करत आले होते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या आमच्या कोपऱ्यात इंग्लंडच्या राजाच्या काळापासून वस्ती आहे. जुनी घरं कधीच जळून-कुजून गेली. जंगलात त्यांच्या तळघरांचे दगडी खड्डे तेवढे राहिलेत आणि त्यांत आता झाडं वाढलीत. त्या खड्ड्यांभोवती अजून बुटांची बक्कलं सापडतात, कोटांची बटणं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, झिजून गुळगुळीत झालेली तांब्याची नाणी. आल्डन खणायचा आणि व्हर्ना ओळखायची. बटणाची मागची कडी बघून ती काळ सांगायची. "बाळंतपण मी करतो, बारसं हिच्याकडे," असं तो आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात सगळ्यांना सांगायचा आणि ती दरवेळी त्याच्या दंडावर चापट मारायची.

दोघांना एकच गोष्ट कधी सापडली नव्हती, ती म्हणजे राजरस्त्यावरचा गुत्ता. राजाच्या काळात घोड्यावरून जाणारे लोक तिथे दारू प्यायचे आणि माडीवर झोपायचे, असं गावात सगळेच ऐकून होते. आमच्या क्लबातल्या प्रत्येकाने तो शोधला होता. मीही शोधला. शेवटी आम्ही ठरवून टाकलं की असला काही गुत्ता नव्हताच. आल्डन मात्र ठरवायला तयार नव्हता.

मग त्याचं डोकं जाऊ लागलं. आधी नावं गेली, मग रस्ते, मग दिवस. या शरदात तो रोज यंत्र घेऊन मागच्या दाराने जायचा आणि जेवायच्या वेळेला चिखलाने माखून परत यायचा. परसात खणतोय, असं व्हर्ना समजून चालली होती. आला की शांत असायचा, पोटभर जेवायचा. तिला तेवढी विश्रांती मिळायची.

दुपारी गेम वॉर्डन आले, म्हणजे जंगलात हरवलेल्यांना शोधणारे वनखात्याचे लोक. बरोबर कुत्रा होता. त्यांची प्रमुख स्टॅकपोल नावाची बाई होती, उंच, कमी बोलणारी. कुत्र्याने परसातून वास धरला, दगडी भिंत ओलांडली आणि सरळ ओढ्यापर्यंत गेला. तिथे तो गोल गोल फिरायला लागला आणि बसून राहिला. ओढ्याला पूर होता. पाणी तपकिरी झालं होतं, वर फांद्या वाहत होत्या.

स्टॅकपोल वायरलेसवर हळू आवाजात बोलली. पण व्हर्नाचे कान तिखट. 'ओढ्याच्या खालच्या अंगाला' एवढेच शब्द तिने ऐकले.

"बुडालाय असं म्हणताय तुम्ही," ती म्हणाली.

"असं कुणी म्हणत नाहीये, मिसेस टारबॉक्स. सगळीकडे बघावं लागतं."

"पाणबुडे मागवताय ना?"

स्टॅकपोलने खोटं सांगितलं नाही. "हो. आणि त्याचा न धुतलेला सदरा मिळाला तर बरं होईल. कुत्र्याला दुसऱ्या बाजूने पुन्हा सोडून बघू."

मी व्हर्नाबरोबर घरी आलो. सदरे तळघरात धुण्याच्या टोपलीत असायचे. ती खाली उतरली आणि बराच वेळ वर आली नाही, म्हणून मीही उतरलो. ती आल्डनच्या कामाच्या टेबलापाशी उभी होती. टेबलावर त्यांच्या आयुष्यभराच्या वस्तू पडल्या होत्या. काचेच्या चौकटी फोडून त्याने सगळं बाहेर काढलं होतं, पाण्याच्या घमेल्यात भिजत घातलं होतं, टूथब्रशने घासून वर्तमानपत्रावर पसरलं होतं. शेकडो बटणं, चमचे, बक्कलं एकमेकांत मिसळली होती. काचेचे तुकडे सगळीकडे होते.

"कधी केलं हे यानं?" मी विचारलं.

"काय माहीत. मी खाली येतच नव्हते रे. आलं की सगळं आठवायचं." ती खुर्चीवर बसली. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "सदरा घे टोपलीतून. दे नेऊन त्यांना."

मी सदरा काढला. जिन्याच्या दोन पायऱ्या चढलो तेवढ्यात ती म्हणाली, "थांब जरा."

तिने एक बटण उचललं होतं. चपटं, चांदीसारख्या करड्या रंगाचं. असली पांढऱ्या मिश्रधातूची बटणं अमेरिकन क्रांतीच्या आधीच्या कोटांना असायची आणि जमिनीत राहूनही हिरवी पडत नाहीत. आमच्याकडे ती पुष्कळ निघतात. व्हर्ना मात्र बटण बघत नव्हती. नखाने कडीच्या भोकातली माती उकरत होती.

"ही बघ. ही माती आमची नाही."

"म्हणजे?"

"आम्ही जिथे जिथे खणलं, तिथे वाळू नाहीतर काळा पालापाचोळा. ही निळसर चिकणमाती आहे. आमची जुनी बटणं मी घासून, मेण लावून ठेवते. याला मेण नाही." ती एकदम उभी राहिली. "आर्मंड, हा परसात खणत नव्हता. कुठेतरी जात होता."

मग आम्ही दोघं त्या ढिगावर तुटून पडलो. मेणाचं एका बाजूला, निळ्या मातीचं दुसऱ्या बाजूला. घाईत काच माझ्या बोटात घुसली, ती तशीच राहिली. प्रत्येक बटण उलटं करून बघायचं, भोकात बघायचं. व्हर्ना मध्येच हुंदका द्यायची, की पुन्हा कामाला लागायची. वर खिडकीत उजेड कमी होत होता. मला सारखं वाटत होतं की आपण इथे बटणं निवडत बसलोय आणि तो तिकडे कुठेतरी कोटाशिवाय भिजतोय. मी तसं बोललोही.

"चल वर. वॉर्डनना माती दाखवू, पुरे झालं."

"कुठली माती सांगू त्यांना? निळी माती ओढ्याच्या वर आहे, खाली आहे, दलदलीपलीकडे आहे. मैलच्या मैल आहे. तू जा हवं तर."

मी गेलो नाही.

निळ्या मातीचा ढीग छोटाच निघाला. झिजलेली तांब्याची नाणी, काही इंग्रज राजाची, एक आयरिश, त्यावर वीणा. केकचा तुकडा कापावा तसं कापलेलं स्पॅनिश चांदीचं नाणं. एकमेकांशी न जुळणारी बक्कलं. आणि पितळेची एक वस्तू, बोटाएवढी, वरच्या टोकाला कोंबड्याच्या तुऱ्यासारखी नक्षी. मी ती पेटीची किल्ली समजून बाजूला ठेवत होतो. व्हर्नाने माझ्या हातातून ती ओढून घेतली.

"ही तोटीची चावी आहे. दारूच्या पिंपाला तोटी असते, तिची." ती ढिगात हात घालून चाचपू लागली. "अजून एक असेल. बघ, ही दुसरी. मोडकी आहे."

"एखाद्या घरात एक पिंप असेलच की."

"एका घरात इतक्या देशांची नाणी नसतात. शेतकऱ्याच्या घरी सगळ्यांचे बूट एका चांभाराचे. इथे एक बक्कल दुसऱ्यासारखं नाही. ही येणाऱ्याजाणाऱ्यांची जागा आहे." तिचा आवाज अगदी खाली गेला. "सापडलाय त्याला गुत्ता. मला काहीतरी सांगत होता जेवताना, परवा. मी हं हं करत होते."

राजाचा रस्ता कुठे होता, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे असं आम्ही धरून चालतो. आता जिथे डांबरी रस्ता आहे तिथेच तो होता, असं. आम्ही सगळ्यांनी त्याच्याच कडेने शोधलं होतं. पण निळी माती तिथे कुठेच नाही. निळी माती असलेला दुसरा एकच जुना रस्ता होता. ओढ्यापलीकडे दोन दगडी भिंतींमधून दलदलीच्या कडेने जाणारा, पूल वाहून गेल्यापासून सोडून दिलेला. तो गुरांचा रस्ता, असं आम्ही म्हणायचो. खरा राजरस्ता तोच असणार.

व्हर्ना धावतच ओढ्यापाशी गेली, मी सदरा घेऊन मागोमाग. तिने स्टॅकपोलच्या हातात ती पितळी चावी ठेवली आणि धापा टाकत सांगायला लागली. माती, नाणी, बक्कलं, रस्ता, सगळं एकात एक. मला वाटलं ही बाई ऐकून घेणार नाही. पण तिने ऐकलं.

"पाणी कसं ओलांडलं असेल त्यानं?"

"वर बीव्हरनी बांध घातलाय. त्यावरून आम्ही दोघं पूर्वी गेलोय."

"तुम्हाला खात्री किती आहे?"

"खात्री नाहीये मला," व्हर्ना म्हणाली. "पण पाण्यात तो नाहीये एवढं धरून मला काहीतरी करायला पाहिजे. नाहीतर मी इथे काठावर उभं राहून वेडी होईन."

स्टॅकपोलने सदरा हुंगवून कुत्र्याला ओढ्याच्या खालच्या काठाने पाठवलं, पाणबुड्यांना ओढ्यावर ठेवलं आणि स्वतः आमच्याबरोबर निघाली. बीव्हर हे प्राणी झाडं कुरतडून बांध घालतात, त्या बांधावर फांद्या पायाखाली हलत होत्या. पलीकडे चिखलात एका बुटाचा ठसा होता, पाण्याने भरलेला. व्हर्नाने त्यावर हात ठेवला आणि उठून पुढे निघाली.

रस्ता लागला. दोन्हीकडे भिंती, मधे ओकचा कुजलेला पाला. पाऊस आता गारांसारखा पडत होता. पहिलं तळघर लागलं तेव्हा आम्ही तिघंही पळालो. आत फक्त पाणी आणि एक पडलेलं बर्चचं झाड होतं. व्हर्ना कडेला गुडघ्यावर बसली आणि उठेना.

"नाहीये गं तो इथे," मी म्हणालो. "पुढे जाऊ."

"पुढे काय आहे? तुला ठाऊक आहे का पुढे काय आहे?"

"नाही."

"मग कशाला बोलतोस."

स्टॅकपोलने तिला काखेत हात घालून उठवलं. पुढे गेल्यावर ताजे खड्डे दिसायला लागले. एक, मग भिंतीला लागून दुसरा, मग बरेच. सगळे उघडे. आल्डनच्या हातचे वाटेनात. गवताची चकती कापून परत बसवल्याशिवाय तो जागा सोडायचा नाही, त्यावरून त्याने क्लबातल्या कितीजणांची खरडपट्टी काढली होती. खड्डे बघत व्हर्ना रडायला लागली, पण चालायची थांबली नाही.

आम्ही हाका मारल्या. उत्तर नाही. मग स्टॅकपोलने हात वर केला. "चूप. काहीतरी वाजतंय."

बारीक चिवचिव, थांबून थांबून. मी तो आवाज ओळखला. खड्ड्यात हात घालून चाचपायचा छोटा शोधक असतो, काकडीएवढा. चालू ठेवून विसरलो तर काही वेळाने तो आपणहून वाजत राहतो, पाल्यात हरवू नये म्हणून. आवाजाच्या दिशेने झाडी बाजूला केली तर समोर मोठं तळघर होतं, चुलाण्याच्या दगडांचा ढिगारा, आणि खाली कोपऱ्यात आल्डन. वरचा एक दगड निसटून त्याच्या पायावर पडला होता. ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते. आमच्या हाका त्याने ऐकल्या होत्या. मुद्दाम गप्प बसला होता.

व्हर्ना घसरत खाली उतरली, अंगातला कोट काढून त्याच्यावर टाकला आणि त्याला घट्ट कवटाळलं. तो तिच्या हातांतून निसटू बघत होता. अंगाला कापरंही भरत नव्हतं. स्टॅकपोल नंतर म्हणाली की ते सगळ्यात वाईट लक्षण असतं.

"मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही क्लबातल्या आहात का?"

"आल्डन, मी आहे."

"ही जागा कुणाला सांगू नका. बायकोला दाखवल्याशिवाय नको. ती घरी आहे. ती सांगेल काय काय आहे ते."

व्हर्नाने त्याच्या गालावर गाल ठेवला. "नाही सांगत कुणाला," ती म्हणाली.

दगड हलवायला आणखी माणसं यावी लागली. स्ट्रेचर बीव्हरच्या बांधावरून नेता येईना, म्हणून पाण्यातून दोर बांधून नेलं. तो वाचला. पायाची बोटं गेली, आणि जी काही थोडी स्मृती उरली होती तीही त्या थंडीत बरीच गेली. दवाखान्यातून तो घरी आला नाही. त्याला सांभाळणं व्हर्नाला एकटीला जमणार नाही, हे डॉक्टरने सांगायची गरज नव्हती. त्याला वृद्धाश्रमात ठेवलं.

ती रोज दुपारी जाते. रस्त्यावर बर्फ असला की मी गाडी चालवतो. सुरुवातीला तिने बटणांचा एक डबा नेला होता. त्यातलं एकेक उचलून ती त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो सांगायचा, हे सैनिकाचं, हे राणीचं, हे माझ्या आईचं. सगळं चूक. ती मान डोलवायची. एक दिवस त्याने डबा भिंतीवर फेकला आणि तिला चोर म्हणाला. नर्सबरोबर खाली बसून तिने बटणं वेचली. त्या दिवशी परतताना ती गाडीत म्हणाली, "तो मला विसरला याचं नाही रे इतकं. पण बायको घरी वाट बघतेय म्हणून तो अजून सारखा उठून निघतो. आणि मी समोर बसलेली असते."

वायपर फिरत होते. मी गाडी हळू चालवत राहिलो.

क्लबातले लोक अजून विचारतात, गुत्ता कुठे सापडला म्हणून. ती सांगत नाही. मीही सांगत नाही.