जोडीचं उत्पन्न

"एकट्यानं अर्ज केलात तर नाही बसणार, मॅडम," व्हिसाचं काम करणारा एजंट म्हणाला. "निवृत्त माणसाला तिथं जाऊन राहायचं तर दरमहा ठरावीक पेन्शन हवं, नाहीतर बँकेत भली मोठी ठेव. तुमचं पेन्शन अटीच्या खाली राहतंय."

सिस्टरांनी मान हलवली. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. लग्न केलं नव्हतं. करायचं नाही असं ठरवलंही नव्हतं. ड्यूट्या, बदल्या आणि आईचं लांबलेलं आजारपण यांत ते राहून गेलं. घर भाड्याचं, त्यामुळे विकून ठेव उभी करण्यासारखं काही नव्हतं.

धाकटी बहीण लग्न करून परदेशी गेली होती आणि तिथलीच झाली होती. मूलबाळ नाही, नवरा वारलेला, आणि आता तिचे डोळे जात चालले होते. इकडे ये म्हटलं की ती फोनवर सांगायची, या घरातल्या भिंती माझ्या हाताला पाठ आहेत, तिकडे येऊन नव्यानं धडपडू का? तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून सिस्टरांनीच जायचं ठरवलं. पण बहिणीनं बहिणीला बोलावून घ्यायची सोय त्या देशाच्या नियमांत नव्हती. निवृत्तांचा व्हिसा हा एवढाच रस्ता होता, आणि तो आता बंद झाला होता.

एजंट शेजारच्या खुर्चीकडे वळला. "काका, तुमचं पेन्शन किती?"

तिथं पंपवाले बसले होते. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर पंप दुरुस्त केलेले. आता सिस्टरांच्या खालच्या मजल्यावर राहत. आज स्कूटरवरून त्यांना इथवर घेऊन आले होते एवढंच. विचारलं म्हणून त्यांनी आकडा सांगून टाकला.

"मग अडलंय कुठं?" एजंट खूश झाला. "जोडप्याला एकाच्या रकमेवर थोडीशीच भर लागते. काका-काकूंचं मिळून आरामात बसतंय की."

"हे माझे शेजारी आहेत," सिस्टर म्हणाल्या.

एजंटनं माफी मागितली आणि उगाचच पंख्याचा वेग वाढवला.

परतताना पंपवाल्यांनी नुसती स्कूटर चालवली. एरवी पंपवाले रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाइपलाइनच्या कोणत्या कामातला आहे ते सांगत. त्यांची बायको सिस्टरांच्याच वॉर्डात वारली होती. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते या इमारतीत राहायला आले, जिन्यात समोरासमोर आले आणि दोघांनी एकमेकांना ओळखलं. तेव्हापासून सिस्टरांची जड पिशवी जिन्यात कधी सिस्टरांच्या हातात राहिली नाही, आणि दर रविवारी सिस्टर खाली जाऊन पंपवाल्यांचं ब्लडप्रेशर तपासत. चहा होई, रेडिओवर बातम्या लागत, बातम्या संपल्या की सिस्टर वर जात. याला दोघांनी कधी काही नाव दिलं नव्हतं.

आठवडाभर सिस्टरांनी विचार केला. बाईंचा स्वभाव व्यवहारी. जखम दिसली की आधी हात धुवायचे, मग हळहळायचं. एका संध्याकाळी त्या खाली गेल्या. पंपवाले ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मिक्सरची मोटर उघडून बसले होते.

"एक विचारायचंय. रागावू नका," त्या दारातूनच म्हणाल्या. "कागदापुरतं लग्न केलं तर? तिकडे पोचल्यावर तुम्ही वेगळं राहा, परत या, हवं तसं करा. तुमच्यावर माझा कसलाही भार नाही."

पंपवाल्यांनी फडक्यानं बोटं पुसायला घेतली. पुसून झाली तरी पुसत राहिले.

"सिस्टर, पंप सुरू झाल्याशिवाय 'सुरू झाला' असं मी कधी लिहिलं नाही. वरच्या साहेबांनी सांगितलं तरी नाही. आता या वयात खोटं लिहायला लावू नका."

"बरोबर आहे तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "विसरून जा."

त्या वर आल्या तेव्हा कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा एका पुरुषाला लग्नाचं विचारलं, तेही असं, आणि तो नाही म्हणाला. रविवारी त्या खाली गेल्या नाहीत. पंपवालेही वर आले नाहीत. जिन्यात गाठ पडली तेव्हा दोघांनी एकदमच बाजूला सरून एकमेकांना वाट दिली, आणि दोघंही जागच्या जागी उभे राहिले.

शेवटी सिस्टरांनी बहिणीला फोन केला. जमत नाही म्हणून सांगितलं. पेन्शनचं सांगितलं, आणि ओघात पंपवाल्यांचंही. आपली फजिती हसण्यावारी नेत सांगितली.

"ताई," बहीण म्हणाली, "ते लग्नाला नाही म्हणाले, का कागदाला?"

सिस्टरांनी फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. वॉर्डात रोग्याच्या तोंडावरून दुखणं कुठं आहे ते ओळखणाऱ्या बाईला एवढं साधं कळू नये याचा त्यांना रागही आला आणि हसूही.

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता. तरी त्या ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन खाली गेल्या. पंपवाल्यांनी काही न विचारता बाही वर केली. सिस्टरांनी पट्टा गुंडाळला, फुगवला. काटा खाली येऊ लागला तशी त्याच्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "कागद बाजूला ठेवला, तर?"

"तर माझं कधीचंच ठरलंय," पंपवाले म्हणाले. "पण तुम्हाला विचारायचं कुठल्या तोंडानं? तुम्ही तिची सेवा केलेली. उपकाराची फेड म्हणून विचारतोय असं वाटलं असतं."

"माझी अडचण दुसरीच. तुमच्या शेजारची जागा वहिनींची वाटते."

"ती काय म्हणायची ठाऊक आहे? ही सिस्टर उशी बदलते तेव्हा दुखत नाही. दुसरी कुणी आली की मान फिरवायची." त्यांनी मशीनच्या काट्याकडे पाहिलं. "तिची काही हरकत असेल असं मला नाही वाटत."

सिस्टरांनी पट्टा सोडला. "चढलंय आज," त्या म्हणाल्या.

"चढणारच."

नोंदणी कार्यालयात लग्न झालं. साक्षीला घरमालक, दूधवाला आणि सिस्टरांची वॉर्डातली जुनी मैत्रीण होती. मैत्रीण सही करतानाही रडत होती, आणि आपल्याला सर्दी झाल्याचं सांगत होती. मग कागदपत्रांची धावपळ, दोघांच्या पेन्शनचे दाखले, तपासण्या. दूतावासातल्या तरुण अधिकारी बाईनं कागद दोनदा चाळले आणि लग्न इतक्या उशिरा का केलं असं विचारलं. सिस्टर उत्तर जुळवत होत्या, तेवढ्यात पंपवाले म्हणाले, "दोघंही भिडस्त आहोत हो." ते भाषांतर करून सांगताना दुभाष्या हसला, आणि ऐकून ती अधिकारी बाईही हसली. व्हिसा मिळाला.

जायच्या आदल्या दिवशी पंपवाले बायकोचा फोटो हातात घेऊन उभे होते. सिस्टरांनी तो त्यांच्या हातातून घेतला, आपल्या सुती साडीत गुंडाळला आणि स्वतःच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवला.

तिकडे बहीण दारात वाट पाहत उभी होती. तिनं ताईला मिठी मारली, मग पंपवाल्यांचे हात चाचपून पाहिले आणि "भाऊजी, या," म्हणाली. घर तिनं सांगितलं होतं तसंच होतं. ती भिंतीला नुसती बोटं लावत सगळीकडे फिरत होती. चहा झाल्यावर ती दोघांना मागच्या खोलीत घेऊन गेली.

"ही तुमची खोली. घरातली सगळ्यात चांगली. आमचे हे गेल्यापासून मी इथं झोपत नाही. खिडकीतून सगळा समुद्र दिसतो. ताई, आज कसा आहे गं?"

सिस्टरांनी पडदा सरकवला. समोर एक नवी इमारत उभी होती आणि तिच्या शेजारी दुसरी. त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. ते पुढे आले, खिडकीशी वाकले आणि बोटानं दाखवलं. दोन इमारतींच्या मधून, पंजाभर रुंदीची, समुद्राची एक उभी पट्टी दिसत होती.

"राखाडी आहे," सिस्टर म्हणाल्या. "कडेला थोडा हिरवट. ऊन पडलंय त्याच्यावर."

"आणि होड्या?"

"थांब, बघते," त्या म्हणाल्या. आणि खिडकीच्या गजाला धरून, होडी त्या पट्टीत येईपर्यंत, दोघं शेजारी शेजारी उभे राहिले.