उपकाराचा फणस

"आई, न्हाणीमागचो फणस खंय गेलो?"

विनोदिनीच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. काल संध्याकाळपर्यंत गोणपाटाखाली पडून घरभर वास सोडणारा तो भला थोरला फणस जागेवर नव्हता.

"बापाशीन व्हेलो तुज्या," चंद्रावती चुलीपुढून म्हणाली. "पेडण्याक. बँकेत."

"बँकेत? कित्याक?"

"कित्याक म्हणजे? ज्यांनी तुका शिकयला, तेंका नको? काल रिझल्ट इलो, आज फणस. म्हणालो, उपकार शिळो होवक देवचो नाय. आणि तू अशी पांढरी फटक कित्याक पडलंस गो? चाय घे."

चहा कोण घेतो! विनोदिनीने ओल्या केसांचा तसाच अंबाडा घातला, चपला अडकवल्या आणि ती हमरस्त्याकडे पळत सुटली.

तिच्या बापाच्या, सगुणच्या घरची रीत धारगळात सगळ्यांना ठाऊक होती. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी त्याच्या वडिलांनी परसात कापा फणस लावला, आणि तो धरायला लागल्यापासून घराने एक नियम पाळला. मोसमातला पहिला पिकलेला फणस घरात कापायचा नाही. वर्षभरात ज्याने उपकार केला असेल त्याच्या दारात न्यायचा, तिथेच आपल्या हाताने फोडायचा आणि पहिला गरा त्याच्या हातावर ठेवायचा. एका वर्षी तो वादळातून येऊन वीज जोडून देणाऱ्या लाइनमनकडे गेला होता, एका वर्षी चंद्रावतीची प्रसूती निभावून नेणाऱ्या नर्सबाईकडे. फणस कुणाकडे चालला आहे यावरून वाड्यावरच्या लोकांना सगुणच्या घरची वर्षभराची हकिकत कळत असे. आणि फणस काही लपवून नेता येत नाही. तो पुढे जातो, वास मागे राहतो.

या वर्षी उपकारकर्ती बँक होती. आणि हा घोळ विनोदिनीने स्वतःच घालून ठेवला होता.

रस्ता रुंद व्हायला लागला तेव्हा सगुणचं शहाळ्या-केळ्यांचं दुकान पहिल्याच झटक्यात गेलं. विनोदिनी तेव्हा एम. कॉम.साठी पणजीला राहायला लागली होती. पेडण्याच्या बाजारातल्या बँकेत तिचं विद्यार्थी खातं होतं. खात्यात काही नसलं तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढता यायचे, आणि शिकत असेपर्यंत त्यावर व्याज नसायचं. तिने काढले. खोलीचं भाडं, खाणावळ, परीक्षेची फी, सगळं त्यातूनच. बापाला फोनवर म्हणाली, "हुशार पोरांक बँक पैसे देता, बाबा. तुमी धाडू नकात." यातलं अर्धं खरं होतं. पण अर्ध्या खऱ्याला पाय फार लांब असतात. सगुणने ते वाड्यावर सांगितलं, मग देवळात सांगितलं, मग रस्त्याच्या कामावरच्या बेळगावकडच्या मजुरांनाही सांगितलं. दुकान गेलेल्या माणसाला सांगण्यासारखं एवढंच उरलं होतं.

गेल्या आठवड्यात बँकेचा निरोप मोबाइलवर आला. शिक्षण संपलं की खातं साधं होणार, काढायची मर्यादा महिन्यामहिन्याने खाली येणार, आणि उरलेल्यावर व्याज लागणार. नोकरीसाठी केलेल्या अर्जांना अजून कुणी भीक घातली नव्हती. आज एकटीने जायचं, बँकेच्या साहेबांकडून मुदत मागून घ्यायची, पहिल्या पगारापासून गुपचूप फेडायचं आणि बाबाला त्याच्या आनंदात राहू द्यायचं, असा तिचा बेत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ आता फणसासकट स्कूटरवर बसून पुढे गेली होती.

बस आली. आत जागा होती तरी ती दाराशी दांडी धरून उभी राहिली. ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर कुणाशी तरी गप्पा मारत होता. तिला वाटलं, खाली उतरावं आणि धावत सुटावं. घरून निघाल्यापासून ती मनात एकच वाक्य घोळवत होती, साहेब, माझ्या वडिलांना सांगू नका. ते कधी मराठीत, कधी कोकणीत म्हणून पाहत होती. दोन्हींत ते सारखंच लाजिरवाणं वाटत होतं.

बँकेच्या दारातच तिला वास आला.

मॅनेजर गोकुळदास साहेबांच्या मेजावर, वर्तमानपत्र अंथरून, फणस बसला होता. मागे डिचोलीहून रोज ये-जा करणारे साहेब जेमतेम डोळ्यांपर्यंत दिसत होते. समोर सगुण इस्त्रीच्या शर्टात, खुर्चीच्या कडेवर.

"हे बघा, इलाच चेडू!" लेकीला पाहून सगुणला कोण आनंद झाला. "साहेब, हेच तां. पयल्या वर्गात पास."

गोकुळदासांनी तिच्याकडे पाहिलं. तिनेही त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षं तिचे पैसे त्यांच्याच सहीने सुटले होते. बापाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे त्या माणसाला एका नजरेत कळलं.

"सगुणबाब," ते सावकाश म्हणाले, "आमी खंय कितें केलां? शिकलें तें तुमचें चेडूं."

"असां म्हणा नकात. तुमी पैसे दिलास म्हणान शिकला."

"दिले, हय," साहेब म्हणाले आणि त्यांनी नजर फणसाच्या काट्यांवर नेली. चांगला माणूस होता. विनोदिनीच्या छातीवरचं ओझं उतरलं. निभावलं, तिला वाटलं.

"तर एक विनंती आसा," सगुण पुढे सरकला. "आमच्या शेजारच्या धाकूचा चेडू, अमृता. बारावीत बरे मार्क पडलेत तेका. धाकू धाडूक तयार नाय होतो. मी म्हटलंय, अरे वेड्या, पैशांची चिंता कित्याक? बँक देता. हुशार पोरांक फुकट देता. माजा चेडू बघ. तेवां खंय तयार झालो. उद्या तो येतलो तुमच्याकडे. तेच्यासोबत आणखी दोघां आसत वाड्यावरची."

साहेबांचं पेन थांबलं. काउंटरवरच्या बाईंनीही मान वर केली.

विनोदिनीला एकाएकी धाकूकाका दिसला. उद्या इथेच, धुतलेला शर्ट घालून, याच खुर्चीच्या कडेवर बसून फुकटचे पैसे मागणारा. आणि परत गेल्यावर अमृताच्या शिक्षणाचं नाव कायमचं टाकणारा. आपण एका माणसाला सांभाळायला बोललेलं खोटं चार घरांत जाऊन बसलं आहे, हे कळताच तिला गप्प राहवेना.

"बाबा," ती म्हणाली, "ते फुकट नाय."

"काय नाय?"

"पैसे. बक्षीस न्हय तां. उधारी ती. माका परत भरूचे आसत. शिकत होतंय तवसर व्याज नव्हतां, आता लागतलां. मी तुमका खोटां सांगलंय."

सगुणने आधी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब खोटं ठरवतील, अशी त्याला क्षणभर आशा असावी. गोकुळदासांनी मान खाली घातली.

"कितके?" सगुणने विचारलं. साहेबांनी आकडा सांगितला. सगुणने तो ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटला. त्याचा चेहरा इतका उतरला की विनोदिनीला वाटलं, यापेक्षा त्याने चारचौघांत मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

"सगुणबाब, फणस घरा व्हरा तुमी," गोकुळदास हळूच म्हणाले. "तशेंय आमकां कोणाकडल्यान कांय घेवपाची परवानगी ना. मुदतीचें हांव पळयतां. थोडें थोडें भरात."

सगुण उठला. त्याने फणसावर हात ठेवला. विनोदिनीला वाटलं, आता उचलणार.

"साहेब, तुमी दोन वर्सां व्याज नाय घेतलास मां?"

"ना घेतलें."

"आणि आता थांबतलास?"

"थांबतले."

"मगे तो उपकारच मां?" सगुण म्हणाला. "फणस हाडलो तो हाडलो. कोयतो आसा काय हंय खंय? तेल माजेकडे आसा."

बँकेच्या मागल्या पडवीत, स्कूटरींच्या शेजारी, सगुणने वर्तमानपत्र पसरलं. हाताला खोबरेल चोपडलं, समोरच्या हॉटेलातून आणलेल्या कोयत्याने फणस उभा चिरला. पिवळेधमक, जाड गरे निघाले. तो एरवी फणस कापताना सारखा बोलत असे, झाडाची कुळकथा सांगत असे. आज नुसते गरे सोडवत राहिला. परवानगी नसलेल्या गोकुळदासांनी दोन्ही हात पुढे केले आणि पहिला गरा घेतला. मग काउंटरच्या बाई आल्या, शिपाई आला, पैसे काढायला आलेली हरमलची एक मासेवाली आली. दुसरा गरा सगुणने विनोदिनीकडे न बघताच तिच्यापुढे धरला.

"खा. सकाळपासून उपाशी आसशीत."

तिने तो खाल्ला. गोड होता.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली. मांडीवर बिकणांची पिशवी होती, कारण चंद्रावतीने आमटीसाठी बिया परत आणायला बजावलं होतं. बाप रागावेल, काहीतरी बोलेल, म्हणून ती सारा रस्ता वाट पाहत राहिली. तो स्कूटर चालवत राहिला. जुनं दुकान होतं तिथे आता पुलाचा खांब उभा होता. त्याच्या बाजूने जाताना त्याने वेग कमी केला नाही.

वाड्याच्या तोंडाशी, धाकूच्या घरासमोर मात्र स्कूटर थांबली.

"बाबा, मी सांगतंय धाकूकाकाक," विनोदिनी घाईने उतरायला लागली. "चूक माजी."

"बस थंयच." सगुणने स्कूटर स्टँडवर लावली. "खोटां तू सांगलंस, ता आमच्या घरातला. पण वाड्यावर बढाई मी मारलंय. ता मीच सांगतलंय."

त्याने शर्ट खाली ओढून सारखा केला आणि तो आत गेला.

विनोदिनीला कुंपणावरून अंगण दिसत होतं. धाकूकाका उठून उभा राहिला. त्याने खुर्ची पुढे केली, पण बाबा बसला नाही. काय बोलतो ते ऐकू येत नव्हतं. तो उभ्या उभ्या, हात पुढे बांधून, कुणा मोठ्या माणसापुढे बोलावं तसा बोलत होता. दारात अमृता येऊन थांबली. धाकूने कपाळावर हात मारला. मग बाबाने एकदा हात उचलून रस्त्याकडे, विनोदिनीकडे दाखवलं, काहीतरी म्हटलं, आणि धाकू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

बाबा परत आला. त्याच्या बोटांना अजून चीक होता आणि त्याला धूळ चिकटली होती.

"काय म्हणाले काका?"

"इचार करतलो म्हणालो." त्याने किक मारली. स्कूटर लागली नाही. "मी म्हटलंय, तरीय धाड."

त्याने पुन्हा किक मारली.