कोटाची चार बटणं

एरवी सगळी गल्ली त्यांना टेलरकाकू म्हणायची, पण शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत त्या एकदम 'बाई' व्हायच्या. शुभवर्तमानाचा अभ्यासवर्ग त्याच घ्यायच्या. चष्मा नाकावर, बोट ओळीवर आणि आवाज असा, की डुलकी घेणाऱ्याचीही मान ताठ व्हावी. शिकवायच्या चांगलं, हे मान्य करायलाच हवं. फक्त आपण चांगलं शिकवतो हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

महिन्यापूर्वी वर्गात दोन अंगरख्यांचा भाग निघाला. नदीकाठी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो सांगतो, दोन असतील तर ज्याच्याकडे नाही त्याला एक द्या. काकूंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "यात न समजण्यासारखं काय आहे? घरी जा आणि कपाट उघडा." थंडी तोंडावर आली होती. प्रत्येकाने एक गरम कपडा नाव न लावता चर्चच्या पाळकबाईंकडे द्यायचा, त्या गरजेप्रमाणे वाटतील, असं ठरलं.

काकूंनी स्वतःचा निळा लोकरी कोट काढला. कोट चांगला होता, अस्तर शाबूत होतं. पण टेलरच्या हाताला एक खोड असते. कपडा घराबाहेर जायचा म्हटला की आधी त्याची बटणं कापायची आणि बरणीत टाकायची. कोटाला शिंगाची चार मोठी बटणं होती, तशी आता मिळत नाहीत. कात्री चालली, बटणं बरणीत पडली. इथवर हाताला दोष देता आला असता. पण मग काकूंनी डब्यातून चार लहान, विजोड बटणं शोधली, सुईत दोरा ओवला आणि ती कोटाला लावली. एवढ्या वेळात माणसाला पुष्कळ विचार करता येतो. काकूंनीही केला. 'घेणाऱ्याला ऊब हवी, बटणं कोण बघतंय,' असा.

पुढच्या शुक्रवारी तो कोट घालून इस्त्रीवाल्या मावशी वर्गात आल्या. त्या नेहमी शेवटच्या बाकावर बसायच्या आणि सहसा बोलायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र शेवटच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रभू, हा कोट ज्याने दिला त्याला काही कमी पडू देऊ नकोस." सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' काकूंनी म्हटलं. घरी जाताना पाळकबाईंना सहज म्हणून सांगितलंही, "निळा रंग खुलतो हो त्यांना. माझ्यावर इतका खुलत नव्हता." नाव न लावता देण्याचं एवढंच पथ्य त्यांना पाळता आलं.

आणि आज भर दुपारी मावशी काकूंच्या दुकानात आल्या. हातात तोच कोट, कडक इस्त्री केलेला.

"बाई, एक काम होतं. याला नीट बटणं लावून द्याल?"

"का? काय झालं याला?"

"माझ्या जावेला द्यायचाय. ती पहाटे दुधाच्या गाडीवर जाते, हातपाय गारठतात तिचे. मी दिवसभर इस्त्रीपाशी उभी, मला कुठली थंडी? शिवाय माझ्याकडे जुना स्वेटर आहे. म्हणजे दोन झाले की! तुम्हीच तर शिकवलंत." मावशी मोकळं हसल्या. "पण दुसऱ्याला द्यायचं तर धड द्यावं म्हटलं. ही बटणं काजातून निसटतात."

काकूंनी मान खाली घालून टेप उगाचच गुंडाळला. बरणी मशीनच्या शेजारीच होती, काचेची. मावशींनी ती उचलली, उन्हात धरली आणि वरचंच एक बटण काढलं. मग कोट पसरला. विजोड बटणाभोवती कापडावर एक गडद गोल होता. बाकीचा कोट उन्हाने विटला होता, तेवढाच गोल जुन्या बटणाखाली निळाभोर राहिला होता. मावशींनी लहान बटण बाजूला सारून शिंगाचं त्यावर ठेवलं. ते कडेला कड लागून बसलं. बटणाच्या भोकात निळ्या दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला होता.

काकूंचे कान तापले.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. "अशी बटणं पुष्कळ मिळत असतील, नाही?" त्या हळूच म्हणाल्या.

वाट करून दिली होती बिचारीने. 'हो, पुष्कळ' एवढंच म्हणायचं होतं. शुक्रवारचा वर्ग, बाईपण, नाकावरचा चष्मा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. काकूंनी तोंड उघडलंही.

"नाही मिळत," त्या म्हणाल्या. "ही याच कोटाची आहेत. कोट माझा होता. देण्याआधी मीच कापून घेतली." त्यांनी टेप बाजूला ठेवला. "लाज वाटते हो मावशी. तुम्ही माझ्यासाठी एवढी प्रार्थना केलीत आणि मी वर मान करून आमेन म्हटलं."

मावशी स्टुलावर बसल्या. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, आणि काकूंना तो आलेला फार बरा वाटला असता.

"कोण ते आज कळलं," मावशी म्हणाल्या. "पण बटणं काढून घेतलीत हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. इस्त्री फिरवताना गोल दिसले ना."

"आणि तरी प्रार्थना केलीत?"

"म्हणून तर केली. मला वाटलं, कोट देववतो आणि चार बटणं देववत नाहीत, म्हणजे त्या माणसाला काहीतरी फार कमी पडत असणार."

काकूंनी कात्री घेतली आणि विजोड बटणं उसवायला सुरुवात केली. सुईत दोरा काही केल्या ओवला जाईना. शेवटी मावशींनीच तो ओवून दिला.