श्रावण शिंप्याने शिवलेली गरिबी

सिनेमावाल्यांनो, तुम्ही चांगली कापडं फाडली. पहिली फिर्याद हीच. गरीब माणूस कसा दिसतो हे विचारायला तुम्हाला इथे एक तोंड सापडलं नाही, म्हणून तुम्ही ब्लेड घेतलं, कोऱ्या सदऱ्यांना भोकं पाडली, चहाच्या पाण्यात बुचकळली, वर माती चोळली आणि म्हणालात, झाला शंभर वर्षांपूर्वीचा गिरणी कामगार. आता पुढचं ऐका.

सौंसरच्या बंद पडलेल्या, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये तुमच्या सिनेमाचं शूटिंग लागलं होतं. गोष्ट शहरातल्या एका जुन्या गिरणीची: खेड्यांतून पोट भरायला गेलेली माणसं, त्यांच्या दाटीच्या वस्त्या आणि तिथल्या दोन टोळ्यांची मारामारी. गर्दीतली माणसं भरली पांढुर्ण्याहून आणि नदीपलीकडच्या सावरगावातून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात; अशा गोटमारीच्या गावांना दगड फेकायला शिकवावं लागत नाही, एवढी कीर्ती तुमच्यापर्यंत पोचली होती.

त्या गर्दीत श्रावण होता. पांढुर्ण्याचा शिंपी, चाळीस वर्षं मशीनवर. त्याचा आजा खरंच तसल्या गिरणीत राबला होता. आजासारखं पडद्यावर दिसायचं म्हणून गडी हौसेने आला. पण हातात आलेला सदरा पाहून त्याचं तोंड उतरलं. बगलेपासून कमरेपर्यंत फाटलेला, बटण एक नाही.

"हा घालून आजा मिलमधी निघाला असता," तो शेजारच्या कवडूला म्हणाला, "तर आजीनं उंबऱ्यातच अडवला असता."

कवडू सावरगावचा, सिनेमात विरुद्ध टोळीतला. "घाल ना बाप्पा. तुह्यं लगन थोडीच हाय आज."

श्रावणला मात्र तो सदरा कुसळासारखा टोचत होता. आजाचा एकुलता एक सदरा त्याने लहानपणी पाहिला होता. मूळ कापड कोणतं आणि ठिगळ कोणतं हे कळू नये इतका शिवलेला, रोज धुतलेला, तांब्यात विस्तव घालून इस्त्री केलेला. गरीब माणूस फाटकं घालत नाही. फाटकं घालायची चैन करायला घरात दुसरा सदरा लागतो.

जेवायची सुट्टी झाली आणि तेवढ्यात जनरेटर बिघडला. तीन तास मोकळे. श्रावणच्या खिशात सुईदोरा कायमचाच. त्याने सदरा उतरवला, खालच्या घेराची पट्टी कापली आणि ठिगळ लावायला बसला. कवडूने पाहिलं, आपलाही पुढे केला. मग रांगच लागली. बायकांच्या घोळक्यातून आणखी चार सुया निघाल्या. दोन्ही टोळ्या एकाच ओट्यावर, उघड्या अंगाने, वरणभात ओरपत बसल्या.

"श्रावणभाऊ, माह्यं कोपर बी पाह्य जी," सावरगावचा एक जण म्हणाला.

"तू दुश्मन हायेस, मागं सरक," पांढुर्ण्याच्या एकाने टोमणा मारला.

"दुश्मनाचं आधी शिवतो," श्रावण दोरा दातांनी तोडत म्हणाला. "उघडा दुश्मन पाहावत नाई मले."

जनरेटर सुरू झाला. तुमच्या दिग्दर्शक अभिजीत साहेबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. समोर दोन खुनशी टोळ्या, ठिगळांच्या पण टापटीप, भांगबिंग पाडून, जणू सत्यनारायणाच्या प्रसादाला निघालेल्या.

"हे कोणी केलं?"

"म्या शिवले जी," श्रावण पुढे झाला.

कपड्यांचं काम पाहणाऱ्या मृणालबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, ते फाडायला मला आठ दिवस लागलेत."

"म्हणून तर जास्तच वाईट वाटलं, बाई."

सगळे हसले, साहेबही हसले. पण मग म्हणाले, "काका, लोकांना ही गरिबी वाटणार नाही. पुन्हा फाडा. नाहीतर तुमच्या जागी दुसरा उभा करतो."

श्रावणने सदऱ्यावरून हात फिरवला. आजासारखं दिसायचं होतं, आणि आता कुठे तो तसा दिसत होता. "दुसरा करा साहेब. मी हा फाडत नाई," तो म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला.

कवडू त्याच्या शेजारी बसला. मग कोपरवाला. मग टोमणेवाला. बघता बघता दोन्ही टोळ्या मांडी घालून एका ओळीत, आणि रिकाम्या मैदानात एकटे साहेब. ऊन कलायला लागलं होतं.

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. "बरं, राहू द्या ठिगळं. उठा. आता खूश ना, काका?"

"हाव जी." श्रावण उठला, गळ्याचं बटण लावलं. थर्माकोलचा दगड हातात घेतला आणि तिथेच थांबला.

"पण साहेब, आजा सांगे, दोन वस्त्यांमधी नळ एकच होता. भांडण तिथूनच. दुसरा नळ मिलच्या मालकानं कधी देल्लाच नाई. आज आम्ही एकामेकाचे डोके फोडून राहिलो, ते ठीक. नळ एकच ठेवणाऱ्या त्या माणसाचा सीन कोणत्या तारखेला हाय? तेवढं सांगा, मंग फेकतो."