मिशीतली वाळू

कोळंबीच्या आखूड मिशीच्या बुडाशी एक खोबण असते. कात टाकली की ती रिकामी होते. मग कोळंबी स्वतःच तीत वाळूचे कण भरते आणि त्यांच्या वजनावरून वर कुठलं, खाली कुठलं ते ओळखते. प्रयोगशाळेतल्या टाक्या धुता धुता हे मी शिकले.

पाहुणे येणार म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, "बाई, वाळू काढून लोखंडाचा कीस टाका. कात टाकल्यावर ती तोच भरेल. वरून लोहचुंबक धरलं की त्याच्याकडे पोट करून उलटी पोहेल. गंमत येईल."

मी मान डोलावली आणि वाळू तशीच राहू दिली. टाकीत वाकून बघायची साहेबांना सवय नाही.

पाहुण्यांसमोर साहेब दहा मिनिटं लोहचुंबक फिरवत राहिले; मागे त्यांचे सहायक रांगेत उभे होते. कोळंबी सरळच पोहत राहिली.

"कीस टाकला होतात ना?"

"नाही. वर-खाली विसरायला लावून आंधळी कोशिंबीर खेळायला ती काही आपली भाची नाही."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. पण उलटं पोहणारंच दाखवायचं तर टाकी कशाला हवी, साहेब? चुंबक धराल तिकडे पोट करणारे तुमच्या मागेच रांगेत उभे आहेत."