मसाजीच्या खरेपणाचा दाखला

आमच्या सेनगावाकडे फिर्याद द्यायची एक रीत होती. भांडण कुणाशीही होवो, नाव आधी त्या घरातल्या शिकत्या पोराचं घालायचं. त्याची नोकरी अडली की अख्खं घर वठणीवर येतं. १९९९ साली खतीजाबीच्या शेळ्यांनी मसाजीची तूर खाल्ली, तेव्हा मसाजीनंही ही रीत इमानानं पाळली. खतीजाबीच्या नासेरनं काठीनं मारलं, असं त्यानं ठाण्यात लिहून दिलं. नासेर त्या दिवशी वाशिमला वेल्डिंग शिकत होता. पुढे कोर्टात तडजोड झाली, दोन्ही घरांनी एकत्र चहा घेतला आणि मसाजी ते विसरूनही गेला.

आठ वर्षांनी नासेरला परदेशात वेल्डरचं चार वर्षांचं काम मिळालं. व्हिसाच्या अर्जात विचारलं होतं, कधी गुन्हा दाखल झाला होता का? त्या भाबड्यानं ‘हो’ लिहिलं. चारित्र्य ठीक नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. खरं लिहिल्यानं चारित्र्य बिघडतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आता अपील तेवढं उरलं होतं.

खतीजाबी मसाजीच्या दारात आली. “मसाजीभाऊ, माझं लेकरू तिथं नव्हतं, एवढं लिहून द्या.”

मसाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “देतो भाभी. काहून न्हाई देणार?” हिंगोलीला वकिलाकडे जाऊन ‘मी तेव्हा खोटं बोललो’ या कागदावर त्यानं सही ठोकली.

महिन्याभरात तिकडून पत्र आलं. साक्षीदार स्वतःच खोटारडेपणा कबूल करतो, मग त्याच्यावर विश्वास का ठेवावा? आधी त्याच्या खरेपणाचा दाखला पाठवा.

मसाजी सरपंच रामप्रसादकडे गेला. रामप्रसाद दाखल्याला कधी नाही म्हणत नसे. पिऊन ग्रामपंचायतीचा दिवा फोडणाऱ्यालाही त्यानं ‘निर्व्यसनी’ लिहून दिलं होतं. आज मात्र तो शिक्का मुठीत धरून बसला. “तुमीच लिहून देऊन राहिले की खोटं बोललो. उद्या मलाच तिकडून विचारलं तर?”

पोलीस पाटलानं हेच ऐकवलं, किराणावाल्यानंही. खोटी फिर्याद यांनीच चवीनं ऐकली होती. मसाजीला चीडही आली आणि रडूही.

शेवटी खतीजाबीच त्याच्यासोबत हिंगोलीला गेली. वकील बुचकळ्यात पडला. “बाई, तुमच्या पोराचं नाव यानंच घातलं ना? मग हा खरा माणूस, असं कसं लिहू?”

“तवा खोटं बोलला, तर समद्यायनं ऐकलं. आता खरं बोलून राहिला, तर कुनी ऐकंना. मी वळखते त्याला. लिवा तुमी.” तिनं अंगठा उमटवला. मसाजीला तिच्याकडे बघवेना.

अपील मंजूर झालं. नासेर गेला.

साठ वर्षांत मसाजीला खरा म्हणणारा तो एकच कागद, आणि तोही परदेशी फायलीत जाऊन पडला. निदान त्याची झेरॉक्स तरी मिळावी, असं त्याला फार वाटे. पण खतीजाबी समोर आली की मागायची लाज वाटायची.